पेन्सिलीवर धरलेला ताल

मॉरीन स्टुडिओच्या पायऱ्यांशी पोचली, तेव्हा दारात एक माणूस डोक्यावर पितळी झांज धरून बसला होता. छत्रीसारखी. लंडनची ती नेहमीची भुरभुर चालू होती — पाऊस म्हणावा तर अंगाला लागत नाही, आणि नाही म्हणावं तर केसांचं पार वाटोळं. झांजेच्या कडेवरून पाणी त्याच्याच गुडघ्यावर ठिबकत होतं आणि पठ्ठ्याला त्याचा पत्ता नव्हता.

“सामान मागच्या दाराने घेतात,” मॉरीन म्हणाली.

“आणि सामान वाजवणाऱ्याला?”

तिने झांजेखाली वाकून पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. ही मिशी, हे जरा वाकडं नाक तिच्या धाकट्या भावाच्या खोलीत भिंतीवर लावलेलं होतं. टॉलगेट बँडचा ड्रमर, ग्लिन प्रायस!

“अहो, माफ करा... मला वाटलं —”

“हमाल. वाटू द्या. सध्या हमालाचं माझ्यापेक्षा बरं चाललंय.”

“मग आत का नाही येत?”

“आत आलो की वाजवावं लागेल ना,” तो म्हणाला आणि हसला. हसू चांगलं होतं, पण ते डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं.

मॉरीन टेप-ऑपरेटर होती. म्हणजे टेप लावायची, गुंडाळायची, सांगितलं की बटण दाबायचं, सगळ्यांना चहा द्यायचा आणि तोंड बंद ठेवायचं. मत देणारा टेप-ऑपरेटर दुसऱ्या दिवशी कामावर दिसत नसे. हे काम मिळालेली त्या स्टुडिओतली ती पहिलीच मुलगी. नेहमीचा माणूस तापाने आडवा झाला म्हणून एवढ्या मोठ्या बँडची टेप तिच्या हाती आली होती. चूक झाली, तर पुढे कुठल्याच मुलीला ही खुर्ची मिळणार नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि रेकॉर्ड तरी कसली! दहा वर्षं गिटारी कडाडवणाऱ्या टॉलगेटला या खेपेला सगळंच करून पाहायचं होतं. सोमवारी उत्तरेकडून खाणकामगारांचा अख्खा बँडबाजा आला आणि जाताना कँटीनमधली सगळी सँडविचेस फस्त करून गेला. मंगळवारी अमेरिकेतल्या घोड्यावरच्या गड्यांचं रडगाणं झालं. बुधवारी जमैकाच्या चालीवरचं काहीतरी झालं, त्यात गायक रेक्स हॉलिसने असा आवाज काढला की त्याच्याच बायकोने फोनवर ओळखला नाही. गुरुवारी अंगाई. आणि शुक्रवारी... डिस्को.

शुक्रवारचं नाव निघालं की ग्लिनचा चेहरा उतरायचा. कारण साऱ्यांना ठाऊक होतं. गाणं रंगात आलं की ग्लिनचा हात धावायचा. इतकी वर्षं चाहते त्यावरच खूश होते, पण नाचायच्या गाण्यात ताल घड्याळासारखा हवा. रेकॉर्ड कंपनीने निर्माते लेनर्ड पिम यांना साफ सांगितलं होतं — या गाण्यात ग्लिन टिकला नाही, तर पुढची गाणी आणि दौरा न्यूयॉर्कचा ड्रमर वाजवेल.

“सतरा वर्षांचा होतो तेव्हापासून यांच्याबरोबर आहे,” गुरुवारी ग्लिन म्हणाला. तो मॉरीनसाठी चहा घेऊन आला होता. तिला तिथे आजवर कुणी चहा आणून दिला नव्हता. “दुसरं काही येत नाही मला. चहासुद्धा... तुम्ही प्यालात की कळेलच.”

तिने घोट घेतला. “शी! यात साखर आहे की साखरेत चहा?”

“बघा. म्हटलं नव्हतं?”

“उद्या मी करते. तुम्ही फक्त वाजवा.”

“आणि धावलो तर?”

“तर मी काचेआडून डोळे वटारेन.”

“म्हणजे नक्कीच धावेन,” तो म्हणाला. मॉरीन कान लाल होईपर्यंत टेप गुंडाळत राहिली, आणि ती आधीच गुंडाळलेली होती.

शुक्रवार उजाडला. ग्लिनने वाजवलं... पुन्हा वाजवलं... पुन्हा. प्रत्येक वेळी धृपद आलं की हात सुटायचा. काचेपलीकडे त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. शेवटी लेनर्ड बो टाय सैल करत म्हणाले, “मॉरीन, दुसऱ्या खेपेचा सुरुवातीचा तुकडा काप. डोकं-शेपूट जोड. गोल फिरवू.”

ही युक्ती सगळे जाणत होते. चांगल्या वाजलेल्या ठोक्यांची टेप ब्लेडने कापायची, टोकाला टोक चिकटवायचं, आणि ते कडं यंत्रात फिरत ठेवायचं. तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो — न दमता, न धावता. एकदा का हे जमलं, की ड्रमर कशाला हवा?

कडं मोठं होतं. यंत्राबाहेर लोंबणारा भाग दोन जणांनी पेन्सिलीवर ताणून धरायला हवा होता. मॉरीन एका बाजूला उभी राहिली. दुसरा टेप-ऑपरेटर तापात.

“मी धरतो,” काचेपलीकडून बाहेर येत ग्लिन म्हणाला. “माझाच ताल आहे. निदान हातात तरी धरू द्या.”

त्याने टेबलावरची दुसरी पेन्सिल उचलली.

यंत्र सुरू झालं. तपकिरी टेप तिच्या पेन्सिलीवरून सरसरत त्याच्या पेन्सिलीकडे जात होती, तिथून परत. दोघं समोरासमोर, हातभर अंतरावर. बोलायचं नाही, हलायचं नाही, टेप सैल पडता कामा नये. बाकीचे गिटार आणि बास वाजवत होते आणि दुसऱ्या यंत्रावर सगळं कायमचं नोंदलं जात होतं. मॉरीन पेन्सिलीकडे बघत राहिली. मग त्याच्या बोटांकडे. बोटांवर फोड आले होते. मग...

मग तिने वर पाहिलं, आणि तो तिच्याकडेच पाहत होता. आज लपवायला त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं. एवढा मोठा गडी, आणि डोळे भरून आलेले. तिला वाटलं, सगळं टाकून त्याचा हात धरावा. तेवढ्या वाटण्यानेच घात केला. पेन्सिल किंचित खाली आली, टेप सैल पडली, ताल एक श्वासभर रेंगाळला... आणि झटक्यात सावरला.

गाणं संपलं. कुणालाच काही कळलं नव्हतं. मॉरीनने मात्र अजून पेन्सिल खाली ठेवली नव्हती.

लेनर्डनी टेप मागे घेऊन ऐकायला लावली. ताल घड्याळासारखा होता. सगळे माना डोलवत होते, पण पाहुण्यांच्या घरी डोलवतात तशा. दुसरं कडवं आलं आणि अचानक रेक्सचा खांदा हलला. पाठोपाठ कंबर हलली.

“थांबा!” लेनर्ड ओरडले. “इथे काय झालं? इथे गाणं जागं झालं. हे कुणी केलं?”

गप्प बसली असती तर निभावलं असतं. मशीनवर ढकलता आलं असतं. पण गप्प बसलं तर सोमवारी न्यूयॉर्कचा माणूस ड्रमवर बसणार होता.

“माझा हात हलला,” मॉरीन म्हणाली. “टेप सैल पडली.”

“तिचा नाही, माझा हलला,” ग्लिन म्हणाला.

“खोटं बोलतायत ते. माझाच. आणि...” आता नोकरी गेलीच होती, मग उरलेलं तरी कशाला ठेवायचं? “तो ताल अजिबात हलत नव्हता म्हणून मेलेला होता. यांचा ताल धावतो, कारण गाण्यात काय चाललंय ते यांना कळतं. इथे तो चुकून जरा श्वास घेतो, तर तुम्ही सगळे नाचायला लागलात. मग जो माणूस मुद्दाम श्वास घेतो त्याला कशाला घरी पाठवताय?”

टेप-ऑपरेटरने मत दिलं होतं, तेही लांबलचक.

लेनर्डनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “हात का हलला?”

“मी... त्यांच्याकडे बघितलं.”

रेक्स खोकला. फारच मोठ्याने खोकला.

“असं,” लेनर्ड म्हणाले. “मग कडं उतरव. ग्लिन, आत जा. कंपनीला काय सांगायचं ते मी बघतो. एकदाच घेणार आहे. आणि मॉरीन, तू इथे उभी राहा, अशी. त्याला दिसशील अशी.”

ग्लिन काचेपलीकडे बसला. तिने टेप चालू केली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती टेपकडे न बघता उभी राहिली. तो वाजवू लागला. पहिल्या कडव्यात ताल भिंतीसारखा सरळ होता. दुसऱ्यात जरा रेंगाळला, नेमका तिथेच, आणि तिला जाणवलं की आपण श्वास रोखून धरलाय. रेक्स मायक्रोफोनसकट नाचत होता. धृपदाला ग्लिन थोडा पुढे गेला, गाणं त्याच्याबरोबर गेलं, आणि लेनर्डनी बटणाकडे हात नेलाच नाही. शेवटी शेवटी तर तो सरळसरळ पळाला... शेवटचा ठोका झांजेवर पडला आणि खोलीभर घुमत राहिला.

“राहू दे,” लेनर्ड म्हणाले. “हेच रेकॉर्डवर जाणार. मॉरीन, टेप नीट ठेव. सोमवारी वेळेवर ये.”

सोमवारी ये! तिने टेपच्या डब्यावर तारीख दोनदा लिहिली.

ग्लिन बाहेर आला तेव्हा घामाने निथळत होता. तिच्यासमोर उभा राहिला आणि बाहीने कपाळ पुसू लागला.

“शेवटी घाई केलीत,” ती म्हणाली.

“केली.”

“का? तोवर किती छान धरला होता ताल...”

“गाणं संपल्याशिवाय तुला विचारता येत नव्हतं ना,” तो म्हणाला. “माझ्याबरोबर जेवायला येशील?”

मॉरीनने यंत्र बंद केलं आणि कोट उचलला. त्याची फोड आलेली बोटं तिने हलकेच हातात घेतली.

“चल,” ती म्हणाली. “पण आता घाई करू नकोस.”