पत्ते उघडायच्या आत

फर्दापूरच्या फाट्यावर एसटी बंद पडली, म्हणून कावेरी आणि बद्रीनाथ एकाच बाकावर बसले. तो लेण्यांवर गाइड. ती शहरात चुलत्यांकडं, काकासाहेबांकडं राहून शिकणारी. चहा गार झाला, पण गप्पा काही थांबेनात. मग दर रविवारी शहरातल्या शहागंजात, कावेरीची मैत्रीण ताहेरा हिच्या गच्चीवर पत्त्यांचा डाव मांडायचं ठरलं. बद्री परदेशी पाहुण्यांकडून पोकर शिकला होता. खेळायचं चिंचोक्यांवर.

आज मात्र कावेरीचं खेळात लक्ष नव्हतं. हातात दोन एक्के आले, तरी तिनं बोली वाढवली नाही. सगळ्यांच्या कामाचे मधले पत्ते उघडले आणि ताहेराचा भाऊ इब्राहीम पंजी-छक्कीच्या जोड्या दाखवून डावातले सगळे चिंचोके घेऊन गेला.

"दोन एक्के, और चूप बैठी?" ताहेरानं कपाळावर हात मारला.

"भारी पत्ते असले की आधीच वाढवायचं," बद्री हसला. "मधले उघडायच्या आत. नायतर कुणी बी फुकटात आत शिरतंय."

"वाढवलं आणि... सगळ्यांनीच पत्ते टाकले तर?"

"टाकू दे की. थांबणारा थांबंल."

तिनं मान खाली घातली. "संध्याकाळी पाहुणे येतायत. मला बघायला. काकासाहेबांनी जवळजवळ ठरवलंच आहे... नाही म्हटलं तर शिक्षण बंद, गंगापूरला गावी परत."

पत्ते पिसणारे बद्रीचे हात थांबले. मग त्यानं पुढचा डाव वाटायला घेतला, आणि तिला भीती वाटली. याच्या मनात काही नसलंच तर?

पुढचे पत्ते पडले. कावेरीनं ते उचललेसुद्धा नाहीत. उरलेले सगळे चिंचोके तिनं दोन्ही हातांनी पुढं सारले.

"ही काय तीन पत्ती हाय का, ब्लाइंड खेळायला? पत्ते तर बघ आधी."

"नको. तुझ्याकडं बघून लावलेत."

ताहेरानं पत्ते टाकले आणि इब्राहीमला चहाच्या निमित्तानं ओढतच खाली नेलं.

बद्रीनं आपले पत्ते पाहिले. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"दुर्री अन् सत्ती. याहून भिकार पत्ते नसत्यात."

"मग टाक."

"नाय टाकत." त्यानं आपले सगळे चिंचोके तिच्या चिंचोक्यांत मिसळले. "फर्दापूरला तुझी गाडी दुरुस्त झाली ना... तवा लई वाईट वाटलं होतं मला."

तिला रडू आलं आणि हसूही.

"काकासाहेबांसमोर येशील?"

"लई भितो मी त्यांना."

"मीपण."

"पाहुणे कधी येणार?"

"पाचला."

तो उठला, चप्पल घालताना उजवी-डावी चुकला. "मग आत्ताच जाऊ. ते यायच्या आत. पण माझा आवाज फुटला नाय तर?"

"तर मी बोलेन," कावेरी म्हणाली. "तू फक्त दारातून पळू नकोस."