रिकाम्या ट्रेलरचं वजन

गोमाजीमामाने सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रेलर चालवले. न्हावाशेवा ते गोवा आणि गोवा ते न्हावाशेवा. आता स्वतःचा घ्यायचा म्हटल्यावर मात्र तो बोहल्यावर चढणाऱ्या नवऱ्यासारखा बावरला. "इनीत हो म्हणाला तर हो, नाय म्हणाला तर नाय," असं त्याने घरीदारी सांगून टाकलं. विनीत त्याचा भाचा. महाडला त्याचं अवजड गाड्यांचं गॅरेज होतं, आणि नुसता हात लावून तो जुन्या गाडीची जन्मपत्रिका सांगतो अशी ख्याती होती. विनीतला ही स्तुती आवडायची नाही. तो फक्त ठोकून बघायचा, मोजायचा आणि वहीत लिहायचा.

डिसेंबरातल्या एका सकाळी दोघं कुशाबा नावाच्या म्हाताऱ्या मालकाच्या आवारात पोचले. ओढायला मामाने ओळखीतल्या एकाचा घोडा आणला होता. ड्रायव्हर लोक ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला घोडाच म्हणतात. ट्रेलर चिंचेखाली उभा होता. बारा चाकं, वर फळ्यांचा उघडा, लांबलचक फलाट. गवतावर, पत्र्यावर, कुशाबांच्या खाटेवर सगळीकडे दव होतं. फळ्या तेवढ्या कोरड्या होत्या.

"गो बाय माझे!" म्हणत मामा ट्रेलरच्या कडेवरून हात फिरवत चालू लागला. त्याचे डोळे पाणावले होते आणि तो हसतही होता.

विनीत खाली शिरला. हातोडीने चासीचा लोखंडी सांगाडा ठोकला, तर देवळातल्या घंटेसारखा वाजला. कुठे चीर नाही, कुठे चोरून मारलेलं वेल्डिंग नाही. घोड्याला अडकवायची जाड पिन जराही झिजली नव्हती. मग त्याने बॅटरीचा उजेड पाट्यांवर, चाकांवरच्या पानापानांच्या स्प्रिंगांवर, टाकला आणि तो थांबला. रिकाम्या गाडीचे पाटे धनुष्यासारखे बाकदार असतात. हे जवळजवळ सरळ झाले होते, माल भरल्यासारखे. एकही पान तुटलेलं नव्हतं, थकलेलंही नव्हतं. चासीपासून चाकांच्या धुरीपर्यंतचं अंतर त्याने टेपने मोजलं आणि वहीत लिहिलं : पाटे दबलेले. कारण?

"काका, का विकताय?" बाहेर येऊन त्याने विचारलं.

कुशाबांनी कोऱ्या चहाचा घोट घेतला. "मंडळी गेली माझी, शिमग्यात. आता रांधणार कोण?"

रांधण्याचा आणि गाडी विकण्याचा संबंध विनीतला लागला नाही.

ठरलं असं, की ट्रेलर पोलादपूरपुढे मामाच्या घरापर्यंत चालवून बघायचा आणि मग होकार की नकार ते कळवायचं. वाटेत एका खडीवाल्याचा वजनकाटा होता. विनीतने गाडी काट्यावर घ्यायला लावली. खिडकीतल्या माणसाने धुळकट काचेतून बघितलं. "माणसं उतरवा आधी," तो म्हणाला.

मामा केबिनमधून उतरला. विनीत तर खालीच होता.

आकडा आला. विनीतने घोड्याचं वजन वजा केलं, कागदावरचं ट्रेलरचं वजन वजा केलं. दीड टन उरलं. पुन्हा काटा केला. पुन्हा दीड टन. तो फळ्यांवर चढला. माती नाही, पाणी नाही, एक खिळासुद्धा सैल पडलेला नाही. पायाखाली ऊब मात्र लागत होती, नुकतंच कुणी उठून गेलेल्या जागेला असते तशी.

"मामा, काहीतरी लपवलंय यात. सापडेपर्यंत मी हो म्हणणार नाही."

मामाचा चेहरा पडला. पण पोलादपूरच्या रस्त्याला लागल्यावर तो पुन्हा फुलला, गुणगुणायला लागला. "कशी बसून चालतेय बघ! रिकामी गाडी आदळते रे. ही बाय आदळत नाय."

विनीतला तेच नको वाटत होतं. आणि त्याहून नको वाटत होतं ते घर जवळ येणं. पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या पायथ्याला, रस्त्याला लागूनच मामाचं घर. होकार गृहीत धरून डोंगरावरच्या कुडपणहून सगळा गोतावळा खाली उतरला होता. ढोल वाजत होता. दारात झेंडूचं तोरण होतं. आता या सगळ्यांसमोर नाही म्हणायचं होतं.

ठमाबाईमामी आरती घेऊन पुढे आली. चाकांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. तेवढ्या वेळात शेवटचं एकदा बघू म्हणून विनीत मागच्या चाकाशी टेप घेऊन वाकला होता.

मामीने मान वर करून फलाटाकडे बघितलं. "या, या!" ती तोंडभर हसली. "उतरा सावकाश. हातपाय धुवा, पानं मांडलीत."

पाटा करकरला.

मग पुढचा. मग पलीकडचा. एकदम नाही, थांबत थांबत, गर्दी ओसरते तसा ट्रेलर वर येत गेला. विनीतच्या डोळ्यांसमोर सरळ पाटे बाकदार झाले.

त्याने टेप लावली. दोन बोटं फरक. पुन्हा लावली. तेवढाच.

"काय म्हणतोस?" मामा जवळ येऊन उभा होता. निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पोरासारखा.

विनीतने वही उघडली, मिटली. गाडी निर्दोष होती. आता तर मापातही होती.

"घे, मामा."

ढोल असा काही दणाणला की घाटातून येणारा टँकरवालाही हॉर्न देत गेला. मामाने बायकोचा हात धरून फुगडीचा फेर धरला, दोनदा पडता पडता वाचला, आणि बायका पोट धरधरून हसल्या. विनीतही हसला. सकाळपासून पहिल्यांदा.

भर दुपारी अंगणात पंगती बसल्या. वडे, काळ्या वाटाण्यांची उसळ, शेवयांची खीर. कुडपणची माणसं घराच्या बाजूला बसली. दरीच्या बाजूला आणखी एक रांग मांडली होती. पानं वाढली होती, खिरीवरून वाफ निघत होती. तिथे कोणी बसलं नव्हतं.

"मामी, त्या पंगतीला कोण?"

"गाडीवरची," मामी म्हणाली. मीठ कुठे ठेवलंय ते सांगावं तशी. "तू पाणी फिरव."

विनीतने तांब्या घेतला.

पहिला पेला भरला. दुसरा. तिसरा. मागे मामा पुन्हा काहीतरी म्हणाला आणि सगळं अंगण हसलं.

दहावा. अकरावा.

बाराव्या पेल्यावर धार पेल्यापर्यंत पोचली नाही. काठाच्या जरा वर ती आपटली, पसरली आणि चारी बाजूंनी खाली ओघळली. पानाभोवतीची माती भिजली. पेला आतून कोरडा राहिला.

नको म्हणताना माणूस पेल्यावर हात आडवा धरतो, तसं.

"बरं, राहू दे," विनीत सवयीने म्हणाला, आणि तांब्या सावरत पुढच्या पेल्याकडे वाकला.