त्या नावापुढचा पत्ता

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. मी स्वतःही ठेवला नसता.

पण हे जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मावसबहीण आहे. भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की ताई उठून भांडी घासायला जाते, अशातली ती. तिने जे सांगितलं ते तसंच्या तसं लिहितोय. फक्त एक नाव गाळलंय. ताईनेच गाळायला लावलं.

यात रात्र नाही. अंधारही नाही.

मंगळवार होता. दुपारचे एक वाजून दहा मिनिटं. बाहेर लख्ख ऊन.

ताई मशीनचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत आहे. दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. त्या वर्षी कंपनीने माल, गिऱ्हाइकं, कामगार अशा सगळ्यांच्या नोंदी क्लाउडवर हलवल्या. डेटाबेस कुठेतरी दूरच्या यंत्रावर, आणि आपण इंटरनेटवरून त्याला जोडायचं. तो सांभाळायला एक पक्की जागा निघाली. अट एकच, परीक्षा पास होऊन सर्टिफिकेट आणायचं.

जागा एक आणि इच्छुक दोन. ताई आणि मास्तर.

मास्तर काही खरे मास्तर नव्हेत. ताईच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. पंख्याचं बटण कसं दाबायचं हेही समजावून सांगायची खोड, म्हणून ऑफिसने ते नाव पाडलेलं. घरी ते आणि त्यांची म्हातारी आई, दोघंच.

परीक्षेत सगळ्यात जास्त प्रश्न एकाच गोष्टीवर येणार होते. डेटाबेसला जोडणी होत नाही, का ते शोधा. मास्तरांनी दोघांसाठी सरावाची खाती उघडून दिली. प्रत्येकाला आपापला छोटा डेटाबेस. ताईने तिच्या डेटाबेसमध्ये दोनशे खोट्या माणसांची नावं आणि पत्ते भरले. रोज जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या खोलीत जाऊन बसायची. जुना सर्व्हर काढून नेल्यापासून ती खोली रिकामीच होती. मुद्दाम काहीतरी बिघडवायचं आणि मग कारण हुडकायचं. नाव चुकलंय का? रस्ता बंद आहे का? परक्यांना अडवणाऱ्या फायरवॉलचं दार लागलंय का? पासवर्ड चुकलाय का?

त्या मंगळवारी तिने फायरवॉलचं दार पुरतं लावून घेतलं. मुंगीलाही आत शिरता येऊ नये असं.

मग स्वतः जोडून पाहिलं. जोडणी नाकारली. अगदी बरोबर.

आता किती जण जोडलेले आहेत तो आकडा पाहायचा. तिथे शून्य हवं होतं.

तिथे होतं...

एक.

तिने पान पुन्हा उघडलं. एकच.

मिनिटभराने शून्य झालं.

ताईने लॉग काढला. कोण आलं, काय विचारलं, याची नोंद तिथे आपोआप होते. वेळ, एक वाजून दहा. कुठून आलं? रकाना रिकामा. कोण आलं? रिकामा.

आणि विचारलेलं फक्त एक. एका बाईचं नाव. आडनाव नाही, काही नाही. ही यादीत आहे का?

उत्तर गेलं होतं, शून्य नोंदी.

आता खरं सांगतो, ताईचा संशय भुताकडे गेलाच नाही. तो सरळ मास्तरांकडे गेला. खाती त्यांनी उघडलेली. किल्ली त्यांच्याकडेच असणार.

"मास्तर, माझ्या डेटाबेसमध्ये शिरला होतात का हो?"

मास्तरांनी डब्यातून मानही वर केली नाही. "माझाच मला जोडता येईना, तुमच्यात कुठे शिरू?"

ते हसले. ताईला ते हसणं खटकलं.

तिने पासवर्ड बदलला.

बुधवारी, एक दहाला... एक. तेच नाव.

तिने खात्यातून मास्तरांचा हक्कच काढून टाकला.

गुरुवारी, एक दहाला... एक. तेच नाव. शून्य नोंदी.

त्या दिवशी तिने खोलीच्या दाराच्या काचेतून मास्तरांवर नजर ठेवली होती. ते जेवत होते. मोबाइल पालथा. दोन्ही हात समोर. तरी ताईने मनाशी ठरवलं, आपोआप जोडलं जावं म्हणून आधीच वेळ लावून ठेवली असेल. माझं लक्ष उडवायचं, परीक्षेत मला पाडायचं. एकदा मनात पाल चुकचुकली की समोरच्याचं घास चावणंसुद्धा कावेबाज वाटायला लागतं.

शुक्रवारी मात्र एक गोष्ट झाली.

एक वाजून नऊ मिनिटांनी खोलीतला आवाज गेला.

पंखा फिरत होता. त्याचा आवाज येत नव्हता. रस्त्यावरच्या गाड्या दिसत होत्या. त्यांचाही येत नव्हता.

आणि मग... कीबोर्डची टकटक.

ताईची बोटं मांडीवर होती.

टकटक कोपऱ्यातून येत होती. जिथे पूर्वी सर्व्हर होता, तिथून. तिथे आता चार स्क्रूंची भोकं आणि धूळ होती, बाकी काही नाही.

एक अकराला पंखा पुन्हा घरघरू लागला.

दुसरी कुणी असती तर खोली सोडून पळाली असती. ताईला राग आला. कोपऱ्यात कुठेतरी स्पीकर लपवलाय, तिला वाटलं. तिने कोपरा चाचपला, मिळालं काही नाही, म्हणून आणखीच चिडली. चोराला चोराच्याच घरी पाठवते, म्हणाली.

तिने फक्त आपल्यापुरतं दार उघडलं आणि यादीत दोनशे एकावी नोंद केली. नाव तेच. पत्त्याच्या रकान्यात मास्तरांचा पत्ता. मजला, घर क्रमांक, सगळं.

मास्तरच असतील तर आपलाच पत्ता पाहून चेहरा पडेल. तिला तो पडलेला पाहायचा होता.

सोमवारी, एक दहाला... एक.

ते नाव यादीत आहे का?

एक नोंद सापडली.

मग पहिल्यांदाच दुसरा प्रश्न आला. पत्ता काय?

उत्तर गेलं. जोडणी तुटली.

ताई धावत बाहेर आली. मास्तर टेबलावर डोकं टेकून झोपले होते. तोंड उघडं, बारीक घोरणं चालू.

मंगळवारी ते उशिरा आले. दाढी केलेली नव्हती.

"काल दुपारी घरी कुणीतरी आलं होतं," ते म्हणाले.

"कोण?"

"आईला सांगता येईना. बाई की पुरुष, तेही नाही. दार वाजलं, एवढंच म्हणाली."

"मग त्यात काय एवढं?"

"ताई, आईला ऐकू येत नाही. दुपारी ती कानातलं यंत्र काढून ठेवते. शेजारी भिंत पाडत होते तेव्हा ही शांत झोपली होती." ते पाणी प्यायला लागले. "कुणाला तरी विचारत होतं म्हणे..."

आणि त्यांनी ते नाव घेतलं.

ताईने ते नाव त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

क्षणभर तिला वाटलं, नाटक करतायत. मग तिने पेल्यातलं पाणी त्यांच्या शर्टावर सांडताना पाहिलं. त्यांना ते कळलंही नाही.

"आई म्हणाली, इथे असं कुणी राहत नाही. तर म्हणालं... नोंद आहे."

ताई उठली. तिने मागच्या खोलीत जाऊन ती नोंद पुसली. मग अख्खी यादीच पुसली.

एक दहा वाजले. आकडा शून्यच राहिला.

बुधवारी शून्य. गुरुवारी शून्य. पुन्हा कधी कुणी आलंच नाही.

तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ज्याला पत्ता मिळाला, तो पुन्हा विचारायला कशाला येईल?

मास्तर रोज थोडं थोडं सांगायचे. आई दुपारी दार उघडं ठेवते. उंबऱ्याशी खुर्ची घेऊन बसते. कुणाशी तरी बोलते, मधेच हसते.

एका सकाळी ते ताईच्या टेबलाशी नुसतेच उभे राहिले.

"काल मी स्वयंपाकघरात ते नाव सहज उच्चारलं. स्वतःशीच. आई बाहेर होती. कानात यंत्र नव्हतं. आतून मी तिला कितीही हाका मारल्या तरी तिला कळत नाही हो. पण त्या नावाला..."

"काय?"

"आई 'ओ' म्हणाली."

ताईने कीबोर्ड बाजूला सारला.

"तुम्ही सरावाच्या यादीत काही भरलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं," मास्तर म्हणाले. पण नजर हलवली नाही.

त्यांना ठाऊक होतं का? खातं त्यांनीच उघडलेलं. हक्क काढला तरी कुठे काही प्रत उरली असेल का? ताईला अजूनही कळलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मास्तरांची खुर्ची रिकामी होती. आईला एकटं सोडवेना, असा निरोप आला. ताई पास झाली. पक्की जागा तिला मिळाली. अभिनंदन करायला लोक आले तेव्हा ती बाथरूममध्ये नळ सोडून रडत होती.

दोन महिन्यांनी मास्तरांनी घर बदललं. कामावर आले ते थेट ताईच्या टेबलाशी. हातात घडी घातलेली चिठ्ठी.

"नवा पत्ता आहे. कामगारांच्या यादीत भरायचाय."

"साहेबांकडे द्या ना. तिकडूनच येतो माझ्याकडे."

"नको. तुम्हीच भरा, ताई. तुमच्या हाताने."

"आई कशा आहेत?"

"नव्या घरात शांत आहे," ते म्हणाले. "अजून तरी."

याला आठ महिने झाले. मास्तरांच्या नावाची कंपनीची पत्रं जुन्या घरी जातात आणि परत येतात. साहेब ताईला दोनदा बोलले.

गेल्या आठवड्यात मी तिच्या ऑफिसात गेलो होतो. तिने खण उघडून चिठ्ठी दाखवली. घडी जशीच्या तशी.

"अगं, भरून टाक ना एकदाचा," मी म्हणालो.

"भरायचं राहू दे, मी अजून वाचलासुद्धा नाही."

"का?"

तिने खण लावला. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मला कुणी विचारलं तर?"

कोण विचारणार, हे मी तिला विचारलं नाही.