पदराच्या गाठीतली जोडवी

खोटं वाटलं तर वाटू द्या. जे घडलं ते माझ्यासोबत घडलंय, आणि तेही भरदुपारी.

मी अश्विनी, वरवट बकालची. मागच्या पोळ्यानंतर खामगावला डोक्याचा एमआरआय करायला गेले होते. सेंटरचं नाव सांगणार नाही. डॉक्टरांना ट्यूमरची शंका होती. पहिल्या वेळी मी मशीनमध्ये घाबरून हलले आणि फोटो बिघडले. स्पष्ट फोटो आल्याशिवाय उपचार ठरवता येणार नव्हते.

या वेळी हलायचं नाही, असं ठरवूनच गेले.

अंगावरचं सगळं काढायला लावलं. माझ्या सासूबाईंनी, पुष्पाबाईंनी, माझी जोडवी पदराच्या टोकात बांधून घेतली. मग पिशवीतून हळदीचा दोरा काढला आणि माझ्या पायाच्या बोटांना बांधला.

"सवाष्णीचं बोट सुनं ठेवू नाही," म्हणाल्या.

तिथली आया, अन्नपूर्णाबाई, बघत होती.

"बरं केलं माय. मागं एक बाई आत गेली, अन् जिती बाहेर आलीच नाही. तिचे जोडवे कुठी गेले, कोणालेच नाही सापडले. तशीच नेली तिले."

"काऊन सांगता तिले असं?" सासूबाई चिडल्या.

मला हसू आलं. भुताला घाबरायला मला सवड कुठे होती?

आत झोपवलं. चेहऱ्यावर जाळी आली. घाबरले तर दाबायला हातात रबरी फुगा दिला. जाळीवर छोटा आरसा होता. त्यात माझे पाय आणि बंद दार दिसत होतं.

ठक्... ठक्... ठक्... पत्र्यावर हातोडा मारावा तसं मशीन वाजू लागलं.

मग थांबलं.

आणि त्या शांततेत... बोटाचा दोरा कोणीतरी ओढला.

आरशात पाहिलं. कोणीच नव्हतं.

दोरा मात्र सुटत होता. गार बोटं माझ्या बोटांवरून फिरत होती, चाचपत होती...

"माहे जोडवे कुठी आहेत वं?"

आवाज पायांकडून आला.

फुगा मुठीत होता. दाबला असता तर लगेच बाहेर काढलं असतं. पण मग पुन्हा फोटो खराब, पुन्हा रात्र रात्र तेच झुरणं.

मला भयंकर राग आला. इथे माझ्या जिवाचा प्रश्न आहे आणि ही माझी बोटं चाचपतेय.

तोंड हलवायचं नव्हतं. मनातच ठणकावलं, 'मले नाही माहीत. मी उठणार नाही. तू निघ इथून.'

बोटं थांबली.

"मंग तुहे दे..."

'देणार नाही.'

मशीन पुन्हा सुरू झालं. शेवटपर्यंत मी हलले नाही.

बाहेर आल्यावर टेक्निशियन म्हणाला, "ताई, एकदम क्लिअर आले फोटो. जराही हालल्या नाही तुम्ही."

माझ्या पायांना दोरा नव्हता.

सासूबाई बाकावर पदर मुठीत धरून बसल्या होत्या. गाठ इतकी घट्ट की त्यांनी ती दातांनी सोडवली.

आत काहीच नव्हतं.

ट्यूमर साधा निघाला, गोळ्यांवर भागलं. सासूबाई नवी जोडवी घे म्हणून मागे लागल्यात. घेत नाही. नवी घेतली तर जुनी तिला दिल्यासारखं होईल, आणि देणार नाही म्हणजे नाही. पुढच्या महिन्यात परत स्कॅन आहे. मी जाणार, आणि माझी जोडवी मागून घेणार.

फक्त रात्री जाग आली की... शेजारी झोपलेल्या नवऱ्याच्या, हर्षलच्या, नाकापाशी हात धरते.

तळव्याला श्वास जाणवला की मगच हात मागे घेते.