दारात बसणारी कुर्ली

कुर्ली तिसऱ्यांदा बोगद्यातून मागे फिरली आणि माझ्या पायाशी येऊन बसली. आत माझी आत्या अडकली होती.

ही २०७१ सालची गोष्ट. आत्या, म्हणजे डॉ. मंदाकिनी खोत, कोकणातल्या एका डोंगरात भूऔष्णिक केंद्र (जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर वीज करणारी जागा) चालवते. त्या दुपारी पाइप फुटला आणि बोगदा वाफेनं भरला. आत्या पलीकडच्या टोकाला. वाफ बंद करायचं चाक बोगद्याच्या मध्यावर, आणि तिथं माणूस भाजून निघाला असता. आत्याच्या टाकीत वीस मिनिटांची हवा होती, मदतपथक चाळीस मिनिटांवर. इकडे उरलो मी आणि आत्यानं बनवलेला सहा पायांचा यंत्रखेकडा. त्यालाच आम्ही कुर्ली म्हणतो.

"आत्या, ती जातच नाही," मी वायरलेसवर म्हणाले.

"तुझ्या हातातल्या पडद्यावर दोन पट्ट्या आहेत बघ. लाल वेदनेची, हिरवी आनंदाची. कुर्लीला आपण फक्त ध्येय (कुठं पोचायचं ते) सांगतो, वाट तिची ती ठरवते. इजा होऊ लागली की लाल चढते. ध्येय जवळ आलं की..."

पुढचं मी ऐकलंच नाही. एवढी अक्कल असती तर काय हवं होतं. मी लाल पट्टी शून्यावर ओढली.

कुर्ली ताडताड निघाली. पण कॅमेऱ्यात दिसलं, तिनं उकळत्या डबक्यात पाय ठेवला आणि काढलाच नाही. सांधा वितळून पाय गळून पडला. तिला पत्ताही नव्हता. मी काय केलं ते आत्याला सांगून टाकलं.

"लाल पट्टी परत चालू कर," आत्या म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "वेदना 'जाऊ नको' म्हणत नाही, शलाका. 'इथं पाय ठेवू नको' एवढंच म्हणते. तव्याचा चटका बसला तर तू हात मागं घेतेस, पण पोळी सोडून पळत नाहीस. कारण पोळी हवी असते."

मी लाल पट्टी चालू केली. कुर्ली लंगडत पुन्हा बोगद्याच्या दारात येऊन बसली. अकरा मिनिटं उरली होती.

"हिला पोळी का नकोय?" आत्या पुटपुटली. "हिरवी किती आहे?"

मी पाहिलं. हिरवी पट्टी काठोकाठ भरली होती. नुसती दारात बसलेली असताना.

"आत्या, मी रोज शाळेतून आले की तिचे लाड करते. ती दारात बसलेली असते, तेव्हा आनंदाचं बटण दाबते. तिचे डोळे लुकलुकतात म्हणून." मला रडू फुटलं.



"म्हणजे दारात बसणं हेच तिचं ध्येय झालंय," आत्या म्हणाली. "बसल्या जागी सगळं मिळालं तर पाय भाजून घ्यायला कोण जाईल? रड नंतर. हिरवी रिकामी कर. चाकाकडे पाऊल पडलं की थोडा आनंद दे. मागं फिरली तर काही नाही."

मी पट्टी रिकामी केली. कुर्लीचे डोळे विझले आणि ती माझ्याकडे बघत राहिली. मला तिची इतकी दया आली की बोट बटणाकडे गेलं. ते मी दुसऱ्या हातानं धरून ठेवलं. दोन मिनिटं तशीच गेली.

मग तिनं एक पाय आत टाकला. मी बटण हलकेच दाबलं. आणखी एक पाय. डबक्यापाशी लाल पट्टी उसळली. तिनं पाय उचलला, चाचपला आणि भिंतीलगतच्या कोरड्या कठड्यावर ठेवला. मघाशी तिनं ही वाट शोधलीच नव्हती, कारण दुखतच नव्हतं. आता दोन्ही पट्ट्या चढत होत्या. तीन मिनिटं उरली असताना तिनं चाक फिरवलं.

वाफ विरली आणि आत्या चालत बाहेर आली, कुर्लीला कडेवर घेऊन. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तिनं मला घट्ट धरलं आणि म्हणाली, "आता दाब बटण. पोटभर."

आठ दिवसांनी कुर्लीला नवा पाय बसला. मी शाळेतून आले, तर ती दारात नव्हती. पडद्यावर दिसलं, आत्यानं सांगितलेला नवा पाइप तपासायला ती आत गेली होती, एकेक पाऊल चाचपत. मी बटणाला हातही लावला नव्हता, आणि हिरवी पट्टी हळूहळू चढत होती.