मोगलाईतल्या घराची माती

तुळशीजवळच्या गडूत कोंब फुटला होता.

शारदानं तो आधी पाहिला आणि नणंदेला हाक मारली. "ताई, इकडं या! आपल्या नव्या घराच्या मातीत काय उगवलं बघा!"

कोकिळा वाकली. दोन जाड हिरवी पानं, आणि मधून डोकावणारं तिसरं, कातरल्यासारखं. तिनं ते बोटानं चाचपलं. बुडाशी उकरलं, तर वाळूत दडलेला एक शंखही वर आला, तांदळाच्या दाण्याएवढा. 

कोकिळा गजाननची थोरली बहीण. बालपणीच विधवा झालेली, बुऱ्हाणपुरात मुलींच्या शाळेत शिकवणारी. भाऊ नाहीसा झाल्यापासून तिला काही वाटेनासंच झालं होतं. शाळेत जायची, शिकवायची, घरी येऊन पानात पडेल ते खायची. लोक म्हणायचे, बाई दगडाची आहे. लोकांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत.

साल अठ्ठेचाळीस. मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, तेव्हा परका देशच. नाका ओलांडला की नाणं वेगळं, कायदा वेगळा. तिथली माणसं भीतीपोटी घरं मातीमोल विकून बाहेर पडत होती. जरीचा व्यापारी गजानन हिशेबी. तो म्हणायचा, "मोगलाई आज ना उद्या हिंदुस्थानात येईलच. मग त्याच घराला चौपट भाव." त्याचा दोस्त शालिग्राम, कापसाचा दलाल, औरंगाबादेतलं एक घर हेरून आला. बयाणा दिला गेला. पुढचा हप्ता घेऊन दोघं चैत्रात निघाले. निघताना शारदानं नवऱ्याच्या हाती पितळी गडू दिला. घरची रीतच होती. नवी वास्तू घेतली की तिथली माती आणून तुळशीपाशी पुजायची.

आठवड्यानं परतला तो एकटा शालिग्राम. गजाननला येताना रझाकारांनी नाक्यावर धरलं, म्हणाला. सगळ्या गावानं मान डोलावली. त्या दिवसांत त्याहून खरी वाटणारी दुसरी गोष्ट नव्हती. मातीचा गडू मात्र त्यानं आठवणीनं आणला होता.

आता घराचा शेवटचा हप्ता द्यायचा होता. घरमालक मोठा वजनदार. पैसे पोचले की तोच गजाननला सोडवणार होता. त्यासाठी शारदाच्या नावची बहादरपूरची केळीची जमीन गहाण पडायची होती. उद्या सही.

तेवढ्यात शालिग्राम कागद दाखवायला आलाच.

"शालिग्रामभाऊ, ही माती घरात नेमकी कुठली?" कोकिळेनं विचारलं.

"अंगणातली, ताई. मी स्वतः खोदली ना."

"अंगणात झाडंझुडं आहेत?"

"कुठली झाडं! वीस साल कुलूप होतं घराला. पाण्याचा थेंब नाही. आड पण सुकून गेला."

"जवळपास नदी?"

"बिलकूल नाही. भर बाजारात आहे घर." तो हसला. "का बरं?"

"सहज. उद्या मुलींना भूगोल शिकवायचा आहे."

तो गेला. कोकिळेनं पदर खोचला आणि राजघाट गाठला.

तापीच्या कोरड्या पात्रात लोटूची कलिंगडाची वाडी होती. सडकी फळं त्यानं तिथंच फोडून टाकलेली. त्यांच्या बिया रुजून जागोजाग कोंब आले होते. जाड पानं दोन, कातरलेलं एक.

"लोटूभाऊ, चैत्रात वाडी कधी सुनी होती का?"

"होती ना बाई. पोरीच्या लग्नाला डोईफोडियाला गेलो होतो. सगळ्या घाटाला मालूम होतं."

"परत आल्यावर काही चोरीला गेलेलं?"

"चोरी नाही. पण ती कडेची ओळ सुकून गेली. पाणी तर रोज टाकून राहिलो होतो. वेल ओढून पाहिला, तर खाली मूळच नाही. कोणी उपटून परत ठेवल्यावानी."

कोकिळा त्या ओळीकडे पाहत उभी राहिली. तिला काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

ठाणेदार सुकलाल कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "बाई, एका कोंबावरून मी नदी खोदू?"

"नदी नको. एक ओळ खोदा. पूर आला की तीही राहायची नाही."

शिपाई फावडी घेऊन उतरले. ती काठावरच थांबली. सुकलाल वर आले तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

"शारदाला मीच सांगेन," कोकिळा म्हणाली. "पण तिच्यासमोर आधी शालिग्रामला बोलू द्या."

दुसऱ्या दिवशी शालिग्राम टांगा घेऊन दारात आला. ओसरीवर ठाणेदार बसलेले पाहून तो जरा थबकला. "ठाणेदारसाहेब? साक्षीला का?"

"साक्षीलाच," सुकलाल म्हणाले. "बसा."

कोकिळेनं गडू मध्ये ठेवला. "भाऊ, वीस वर्षं बंद असलेल्या घरात ओलं कलिंगडाचं बी कुठून आलं?"

"पाखरानं टाकलं असेल."

"आणि नदीतले शंख? तेही पाखरानं?"

तो दारातल्या टांग्याकडे पाहू लागला.

"तुम्ही मोगलाईत गेलाच नाहीत," कोकिळा वर्गात बोलावं तशा एकसुरी आवाजात म्हणाली. "घर विकाऊ नव्हतंच. बयाणा तुम्ही खाल्लात. शुभकामाला जाताना तापीला हात जोडायचे म्हणून गजाननला राजघाटावर नेलंत. लोटू गावात नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. वेल उपटलेत, खड्डा केलात, वेल परत मांडलेत. रिकाम्या हाती आला असतात तर शारदानं घर झालं असं मानलंच नसतं. पुढचे पैसे, जमीन, काहीच हाती लागलं नसतं. म्हणून गडू भरलात. दुसरीकडची माती का नाही घेतली, एवढंच मला कळलं नाही."

"काल संध्याकाळी गजानन त्याच ओळीखाली सापडला आम्हाला," सुकलाल म्हणाले.

शालिग्रामनं भिंतीला पाठ टेकली.  "गडू त्याच्या पिशवीत होता," तो म्हणाला. "माती समोरच होती. मी भरला. विचारच नाही केला."

शारदा उंबऱ्यावर उभी होती. "घराचं खोटं आहे हे त्यांना कळलं होतं?" तिनं विचारलं.

"औरंगाबादेहून पळून आलेलं एक कुटुंब त्याला वाटेत भेटलं होतं. त्याच घराच्या शेजारचं."

"मग काय म्हणाले ते?"

"म्हणाला, पैसे सावकाश परत कर. घरी मी कोणाला सांगत नाही."

"मग मारलंस कशाला?" ठाणेदारांचा आवाज चढला.

"तो खरंच सांगणार नाही, असं मला वाटलं नाही."

शिपायांनी त्याला नेलं. गहाणखताचे कागद ओसरीवर तसेच पडले होते. कोकिळेनं ते उचलून चुलीत घातले. बातमी फुटली तशा शेजारणी दारात जमू लागल्या.

"ताई," शारदा म्हणाली, "आता वाट नाही ना पाहायची?"

"नाही."

"रात्री टांगा वाजला की मी उठून बसायची. रोज."

"माहीत आहे मला."

शारदानं मान हलवली. मग ती तिथंच जमिनीवर आडवी झाली, दंडावर डोकं ठेवलं, आणि सगळ्यांच्या देखत गाढ झोपी गेली.

कोकिळेला तेव्हा रडू आलं. ते इतकं जोरात आलं की तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. एक म्हातारी शारदाला हलवायला वाकली, "अगं, उठवायला हवं हिला, सुतकाची आंघोळ घालायची." कोकिळेनं तिचा हात धरला.

"झोपू द्या तिला," ती म्हणाली. "आंघोळीचं नंतर बघू."