मोहोळाची लाट

टाकळवाडीचा कडा त्या दुपारी चार वाजता विषानं धुऊन काढायचा, असा ठराव झाला होता! कड्याला आग्या माश्यांची सदतीस मोहोळं, खाली झऱ्याची पायवाट, आणि महिन्याभरात सहा बायकांना माश्यांनी फोडून काढलेलं. गावातल्या पुंडलिकमामांच्या भाचीचा, विशाखाचा, हट्ट एकच: माश्या मारू नका, आधीच इशारा देणारं यंत्र लावते.

मोहोळ चिडायला लागलं की माश्या पोटं उचलतात आणि पोळ्यावरून लाट सरकते. पुंडलिकमामांनी उभा जन्म ती लाट ओळखून मध काढला. डोळ्यांत मोतीबिंदू पुरता उतरायच्या आत विशाखानं त्यांना संगणकापुढं बसवलं, हजारो चित्रफितींवर "चिडलं" की "निवांत" ते वदवून घेतलं आणि तेच कॅमेऱ्याला शिकवलं.

सकाळीच मामा-भाची खुलताबादच्या डोंगरात शिरले. सोबत सरपंच रामकिसन. डोळ्यांनी बघितल्याशिवाय न मानणारे, आणि फोटो निघणार म्हणून अत्तर चोपडून आलेले!

"सरपंच, माश्यांला वास सोसत नाय," मामा म्हणाले.

"मग काय, माश्यांला भिऊन राहू व्हय?"

कातळ घसरडा. खाली दीडशे फूट. सरपंचांच्या पायाखालचा दगड सुटला! त्यांच्या कमरेच्या दोरानं विशाखाचे तळहात सोलले, पण तिनं दोर सोडला नाही. कशीबशी कपार गाठली आणि तिनं कॅमेरा समोरच्या मोहोळावर रोखला.

कॅमेऱ्याला जोडलेला फोन किंचाळला!

"गप तर बसल्यात की," सरपंच उठत म्हणाले. "खेळणं हाय तुझं."

"मामा, तुम्हाला काय दिसतंय?"

"धुकं दिसतंय, पोरी. यंत्र काय म्हणतंय?"

"चिडलं."

"मग चिडलंच! ते माझंच बोलणं हाय."

तिनं सरपंचांना सदऱ्याला धरून खाली ओढलं. मामांनी तिघांवर घोंगडी ओढली! कडा गरजला. गारा पडाव्यात तशा माश्या आदळल्या. सरपंचांच्या ओठाला डंख बसला, पण मामांच्या हाताखाली ते तसूभरही हलले नाहीत.

उतरले, तर चार वाजत आलेले, विषाचा पंप सुरू व्हायच्या बेतात. विशाखा नळीपुढं आडवी आली. "आधी माझ्यावर मारा!"

तेवढ्यात कपारीत ठेवलेल्या कॅमेऱ्यावरून फोन पुन्हा किंचाळला. पायवाटेवर तर हंडे घेतलेल्या बायका! सुजल्या ओठानं सरपंचच बोंबलले, "मागं फिरा! पळा!" बायका वळणाआड झाल्या आणि रिकाम्या वाटेवर माश्यांचा लोट कोसळला. थोड्या वेळानं तो परत कड्याला गेला. बायकांपैकी कुणालाही डंख बसला नाही.

पंपवाला चाचरला. "पण सरपंच, ठराव झालाय..."

"ठरावाला डंख नाय बसला, मला बसलाय," सरपंच म्हणाले. "यंत्र खरं बोलतंय. उचल पंप!"